उन्हात वायपर उभे करणारे तात्या

भर मे महिन्यात, दुपारी दोनच्या उन्हात गाडी उभी केली की विश्वनाथतात्या आधी खाली उतरून दोन्ही वायपर काचेपासून उचलून उभे करायचे. दुरून बघितलं की पिकअप हात वर करून शरण आल्यासारखी दिसायची. नवीन माणूस विचारायचाच, "तात्या, हे कावून?"

"रात्रीत गोठत्यात अन् काचेला चिकटत्यात. सकाळी ओढलं की रबर फाटतं."

"अहो, इथं आष्टीत काय गोठणार?"

"इथं न्हाई गोठत, मला ठावं हाय," तात्या म्हणायचे. "पण हाताला ठावं न्हाई ना."

मी आमच्या गावच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी आणि तात्या संस्थेच्या पिकअपचे ड्रायव्हर. सकाळ-संध्याकाळ दुधाचे कॅन भरायचे, घाट उतरून आष्टीच्या शीतकरण केंद्रावर पोचवायचे, एवढं काम. मागं एका दुष्काळात अर्धं गाव कोयता घेऊन साखर कारखान्याच्या फडावर गेलं, तेव्हा तात्या कांद्याच्या ट्रकमध्ये बसून वर गेले. दिल्ली, तिथून पुढं थेट बर्फाच्या डोंगरात. रस्ता बांधणाऱ्या एका ठेकेदाराकडं चौदा वर्षं पिकअप चालवली. मजुरांचं रेशन वर न्यायचं, आजारी मजूर खाली आणायचा. परत आले तेव्हा त्यांच्याकडं एक मेंढीच्या कातड्याची टोपी होती, डाव्या हाताची दोन बोटं बधिर होती, आणि बर्फात घसरू नये म्हणून चाकांना बांधायच्या, गोणपाटात गुंडाळलेल्या दोन साखळ्या होत्या.

साखळ्यांवर त्यांचा फार जीव. दर अमावास्येला तेल लावून पुसायचे. चारा छावणीत कुणीतरी बैल बांधायला एक मागितली, तर तात्या तीन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

हँडब्रेक त्यांनी कधी लावला नाही. थंडीत तो जाम होतो म्हणे. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाखाली दगड. असाच एक चांगला गुळगुळीत दगड मारुतीच्या पाराशी ठेवून ते चहाला गेले आणि परत येईपर्यंत कुणीतरी त्याला शेंदूर लावला होता. नारळही फुटला होता. तात्या बराच वेळ दगडाकडं बघत उभे राहिले, मग पाया पडले आणि दुसरा दगड शोधायला गेले.

गाडी कायम दुसऱ्या गिअरमध्ये उचलायची. ब्रेकला पाय लावायचा तर "लोण्यावर ठेवल्यावानी". आणि मागं वजन हवंच. रिकामी पिकअप ढुंगणाला हलकी असते, ती घसरते, असं तात्यांचं शास्त्र होतं. म्हणून मागच्या चाकांवर दोन गोण्या वाळू कायमची. यावरून आमचे चेअरमन आबासाहेब यांचं आणि तात्यांचं कधी जमलं नाही. आबासाहेबांनी एकदा सगळ्या संचालकांसमोर त्यांना उभं केलं.

"तात्या, संस्था दूध न्यायला डिझेल देती का वाळू फिरवायला?"

"घसरल्यावर काय करावं आबासाहेब?"

"कशावर घसरल? मातीवर? अरे, प्यायला पाणी न्हाई अन् तुमी बर्फ घेऊन बसलाव! पुढच्या महिन्यापासून दुसरा ड्रायव्हर बघतो मी."

तात्यांनी बाहेर येऊन वायपर खाली केले, काच पुसली आणि पुन्हा वायपर वर केले. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर नवा ड्रायव्हर घाट निम्म्या वेळात उतरेल, हाही विचार माझ्या मनात आला होता. दुष्काळात जनावरं सगळी माळावरच्या छावणीत. दूध आधीच कमी, त्यात उन्हानं नासलं तर घरोघरी बोंब.

त्याच महिन्यात, एका संध्याकाळी, छावणीवरून आम्ही सव्वीस कॅन भरून निघणार तेवढ्यात आभाळ काळंनिळं झालं. पाऊस येणार म्हणून माणसं हात जोडून उभी राहिली आणि आल्या गारा. लिंबाएवढ्या, पत्र्यावर धोंडे पडावेत तशा. वीस मिनिटं. शिवारात उभं पीक काही नव्हतंच, त्यामुळं गारांना न्यायलाही काही सापडलं नाही. जनावरं आडोशाला होती म्हणून वाचली. थांबलं तेव्हा सगळा माळ पांढरा. मी तसा माळ जन्मात बघितला नव्हता.

घाटाच्या तोंडाशी एक एसटी अर्धा रस्ता अडवून उभी होती. दोन टेम्पो तिच्यामागं. आणि बाजूच्या चारीत नाक खुपसून आबासाहेबांची नवी कोरी पांढरी गाडी. आबासाहेब कडक इस्त्रीच्या कपड्यांत रस्त्यावर उभे होते. म्हणजे उभं राहायचा प्रयत्न करत होते.

तात्या खाली उतरले. मूठभर गारा उचलल्या, दाबून बघितल्या. त्यांच्या तोंडावर असं काही हसू आलं की मला वाटलं आता हे रडतात.

"सेक्रेटरी, ह्यो बर्फ न्हाई. बर्फापरीस वंगाळ. चाकाखाली गोट्या ठेवल्यावानी हाय हे."

"मग थांबायचं का?"

"दूध थांबतंय व्हय?"

सीटमागचं गोणपाट सोडलं. साखळ्या अंथरल्या, त्यांवरून चाकं घेतली, आकडे अडकवले. एसटीतले लोक खिडक्यांतून वाकून बघत होते. पहिल्या वळणावर एक गोणी वाळू पसरली. मग तात्या आबासाहेबांकडं वळले.

"तुमी मागं बसा. एक गोणी कमी झाली, वजन लागतं."

आबासाहेबांनी माझ्याकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं, आणि कॅनच्या मध्ये, उरलेल्या वाळूच्या गोणीवर जाऊन बसले.

आम्ही उतरायला लागलो. साखळ्या कराकरा वाजत होत्या. तात्यांनी टोपी घातली होती आणि बोलत होते ते माझ्याशी नव्हे, गाडीशी. "हां. हां बाई. सावकाश." तिसऱ्या वळणावर मागची बाजू हळूच दरीकडं निघाली. मी ओरडलो, "तात्या, ब्रेक!"

"गप बसा."

त्यांनी पाय उचलला. दोन्ही पाय! आणि जिकडं गाडीचं ढुंगण चाललं होतं तिकडंच स्टेअरिंग फिरवलं. मागून आबासाहेबांचा आवाज आला, त्यात तीन-चार देव होते. गाडीनं क्षणभर विचार केला आणि मग सरळ झाली. तात्या म्हणाले, "तिला आधी जाऊ द्यावं लागतं तिच्या मनाप्रमाणं. मग ऐकती."

खाली गारा नव्हत्याच, नुसता ओला रस्ता. साखळ्या काढून आम्ही केंद्रावर पोचलो. दूध नासलं नव्हतं. आबासाहेब उतरले. कपड्यांना वाळू, खांद्यावर दुधाचे शिंतोडे. वाळू झटकत म्हणाले, "तात्या, दुसरी गोणी कधी भरताव?"

दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव नंतर कुणी काढलं नाही.

मी आणि आबासाहेब केंद्रावर मागं राहिलो, तात्या रिकामे कॅन घेऊन एकटेच घाट चढून परत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेत कॅन मोजले तर पंचवीस. एक कमी. पडला असेल म्हणावं तर तात्यांच्या गाडीतून आजवर झाकणसुद्धा पडलं नव्हतं. मी त्यांच्या घरी गेलो.

अंगणात बाजेवर मालनकाकू बसल्या होत्या. तात्यांची बायको. गुडघ्यांनी काकूंना अंगणापलीकडं फारसं जाऊ दिलं नव्हतं, कित्येक वर्षं. बाजेखाली घमेलं, घमेल्यात त्यांचे पाय, आणि पायांभोवती अर्धवट विरघळलेल्या गारा. शेजारी भुसा आणि गोणपाटात गुंडाळलेला आमचा कॅन. तात्या ओंजळीनं गारा काढून घमेल्यात टाकत होते. मला बघून ओशाळले.

"धुवून देतो कॅन. घाटात थांबून भरला काल. आज सकाळी दाखवावं म्हणलं, उजेडात."

"राहू द्या, तात्या," मी म्हणालो. "सकाळच्या दुधाला घरची कळशी आणतो मी."

"बसा सेक्रेटरी," काकू म्हणाल्या. "ह्या माणसानं चौदा वर्षं पत्रात बर्फ लिवला. शेजारची पोरगी वाचून दाखवायची. तुला एकदा दाखवीन म्हणायचे. मला वाटायचं, माणूस तिकडंच रमलाय, तोंडदेखलं लिवतोय."

"हे असलं न्हाई तिथलं," तात्या घाईनं म्हणाले. "तिथलं मऊ असतंय. पिंजलेल्या कापसावानी. आवाज न्हाई पडताना."

काकूंनी वाकून घमेल्यात हात घातला. धरून ठेवला. मी मनात मोजत होतो, किती वेळ ठेवतात ते. मग हात बाहेर काढला, बोटं लाल झाली होती.

"लई गार हाय वो," त्या म्हणाल्या. "ह्यात व्हताव तुमी? चौदा वर्षं?"

काकूंनी तात्यांचा डावा हात ओढून मांडीवर घेतला आणि ती दोन बधिर बोटं पदरात धरून चोळायला लागल्या, जोरात, माणूस आत्ताच तिकडून आल्यासारखी.

"सोड की आता," तात्या म्हणाले. "सेक्रेटरी बघत्यात."

पण हात त्यांनी काढून घेतला नाही.