मोघेबाईंची तुळई

आमच्या शाळेच्या मोघेबाई माणसांच्या चालण्याला गुण द्यायच्या. दहापैकी. अंबरनाथच्या बाजारात गटारावर एक फळी टाकलेली होती. बाई भाजीची पिशवी घेऊन तिथं उभ्या राहायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून पुटपुटायच्या. "पोस्टमन, साडेसात. उतरताना घाई." "वैद्यबुवा, पाच. सगळा माणूस पोटाच्या मागून चालतोय." एकदा समोरून आमचे मुख्याध्यापकच आले. बाईंनी नमस्कार केला, सर फळी ओलांडून दिसेनासे झाले, मग बाई म्हणाल्या, "साडेचार. पण माणूस चांगला आहे."

बाई कवायत शिकवायच्या. उंच, सडसडीत, पदर कमरेला खोचलेला आणि पायांत कॅनव्हासचे पांढरे बूट. लग्नाकार्यालाही तेच बूट, फक्त वरून खडू फिरवलेला. तोंडी सदा एकच, "नजर समोर, जीभ आत." कारण तोल सांभाळायला लागलो की आम्हा सगळ्या मुलींच्या जिभा बाहेर यायच्या.

हेलसिंकीचं ऑलिंपिक झालं त्या सुमारास कारखान्यातल्या एका साहेबाच्या बायकोनं रद्दीला काढलेलं इंग्रजी साप्ताहिक बाईंच्या हाती लागलं. त्यात एक चित्र होतं. छातीइतक्या उंच लाकडावर एक बाई एका पायावर उभी, हात पसरलेले. त्या दिवसापासून मोघेबाईंना दुसरं काही सुचेना. भेटेल त्याला त्या तुळईचा इतिहास सांगत. त्या लाकडाला त्या तुळईच म्हणायच्या.

"जर्मनीत एका मास्तरानं पोरांना आडव्या खोडावरून चालवलं, तिथून हे सुरू झालं. पुढं पुरुषांनी सोडून दिलं, बायकांनी उचललं. आणि उचलून वर आणखी अरुंद केलं. आता जगभरच्या बायका त्यावर स्पर्धा करतात. आधी नुसत्या चालायच्या, आता गिरक्या घेतात."

"मुलींनी एवढ्या उंच चढून करायचं काय?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"तोल धरायचा."

"तो जमिनीवर धरता येत नाही?"

"जमिनीवर तुम्हालाही येतो, सर."

सरांनी परवानगी दिली. ती या उत्तरामुळं की उत्तर असूनही, ते कळलं नाही.

लाकडासाठी बाई मला घेऊन उल्हासनगरला निर्वासितांच्या कॅम्पात गेल्या. तिथं गोबिंदराम नावाच्या सिंधी गृहस्थांची लाकडाची वखार होती. बाईंनी चार इंच रुंद, लांबलचक सरळ सागवान मागितलं.

"बाई, चार इंच में घर का क्या बनेगा?"

"घर नाही बनवायचं. त्यावर मुली चालणार."

"गिरेंगी तो?"

"पडतील. पुन्हा चढतील."

गोबिंदराम थोडा वेळ लाकडाकडे आणि थोडा वेळ बाईंच्या बुटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मेरी मोहिनी दिनभर दीवार पे चलती है. माँ रोती है. आप लकड़ी ले जाओ, लड़की भी ले जाओ."

अशी मोहिनी आमच्या शाळेत आली. तिच्यामुळं आमचा कपड्यांचा प्रश्नही सुटला. परकर नेसून तुळईवर चढणं अशक्य होतं. मोहिनीची सलवार बघितली आणि बाईंनी आम्हा सगळ्यांना सलवारी शिवायला लावल्या. माझी आई कापड बेतताना म्हणाली, "एका पायात एक पोलकं बसेल." पण तिनं शिवली.

स्नेहसंमेलनात स्पर्धा ठरली. बदलापूरच्या शाळेच्या मुलीही आल्या. तुळईखाली भाताचा पेंढा पसरला. परीक्षक तिघे होते, आमचे सर, डॉक्टर आणि कारखान्यातले एक अधिकारी. पहिली मुलगी थरथरत टोकाला पोचली. तिघांनी दहापैकी दहा दिले. दुसरी मध्येच पडली. तिलाही दहा.

बाई टेबलापाशी गेल्या. "हे काय चाललंय?"

"बिचाऱ्या मुली आहेत," अधिकारी म्हणाले. "हिरमोड कशाला?"

"बिचाऱ्या म्हणून नको. बघून द्या. आणि काय बघायचं ते कळत नसेल तर आधी चढून बघा."

लोक हसले, म्हणून अधिकाऱ्यांना उठावंच लागलं. स्टुलावरून ते तुळईवर चढले, दोन पावलं गेले आणि थांबले. पुढं जाता येईना, मागंही येईना. चेहऱ्यावर ऑफिसातला रुबाब तसाच, जीभ मात्र बाहेर आलेली. "नजर समोर, जीभ आत," बाई शांतपणे म्हणाल्या. शेवटी साहेब आपणहून पेंढ्यात बसले. कपडे झाडून पुन्हा टेबलाशी आले आणि त्यानंतर त्यांनी असे काटेकोर गुण दिले की बाईसुद्धा खूश झाल्या.

मोहिनी पहिली आली. गोबिंदराम टाळ्या वाजवायला विसरून नुसते उभे राहिले होते.

मी शेवटची आले. गिरकी घेताना गर्दीत आई दिसली, तिच्याकडे बघितलं आणि पेंढ्याच्या बाहेर, जमिनीवर पडले. घोटा मुरगळला.

बाईंनी टांगा आणला, मला आणि आईला बसवलं आणि स्वतः घरापर्यंत बाजूनं चालत आल्या. घरी आंबेहळद उगाळून त्यांनीच लेप लावला. इतक्या हलक्या हातानं की मला रडायला कारणच उरलं नाही.

लेप वाळला, वर पट्टी बांधून झाली. दिवेलागण झाली. बाई तिथंच, माझा पाय मांडीवर घेऊन.

"उशीर झाला तुम्हाला," आई म्हणाली. "घरी वाट बघत असतील."

"नाही," बाई म्हणाल्या. "घरी कुणी नाही." त्यांनी माझ्या पायाची पट्टी उगीचच सारखी केली. "मी आणखी थोडा वेळ बसले तर चालेल का?"

आईनं त्यांच्याकडे बघितलं. मग परातीत आणखी पीठ घेतलं आणि चुलीजवळचा पाट त्यांच्यासाठी पुढं सरकवला.

बाईंनी दाराशी जाऊन बूट काढले. त्यांचे अनवाणी पाय मी पहिल्यांदाच बघत होते. त्या पाटावर बसल्या आणि आईला म्हणाल्या, "भाकरी मी थापते. मला बरी जमते."