सुईचा दोष

आमच्याकडे मिक्सर लागला की खालच्या मजल्यावरचे बाळारामदादा बांबूने छताला ठोसे मारतात. तीन ठोसे म्हणजे मिक्सर बंद करा. पाच म्हणजे ते स्वतः वर येताहेत.

“मास्तर, चटणी वाटता का डोंगर फोडता? माझी सुई उडाली ना!”

सुई म्हणजे रेकॉर्ड प्लेअरची. तो प्लेअर ठेवलाय त्या टेबलाच्या चारही पायांखाली रबरी चपलांचे तुकडे. गवंड्याची पाणसळ लावून दादा रोज टेबल समतल आहे का ते तपासतात. वाकलेली तबकडी दोन काचांमध्ये घालून वर कडप्प्याची लादी ठेवतात. एकदा माझ्या बायकोने दोन तबकड्या उचलून एकीवर एक आडव्या ठेवल्या, तर म्हणाले, “वहिनी, उभ्या ठेवा! पापड हायेत का ते?” ती आठवडाभर धुमसत होती.

मला चीड याची येते, की याच माणसाने उभा जन्म लोकांचे कान फोडले! पनवेलच्या पट्ट्यात नेऱ्यापासून उलव्यापर्यंत लग्नाची हळद कुणाचीही असो, भोंगे यांचेच. भोंग्याला खेटून उभं राहायचं आणि तबकड्या बदलत राहायचं. प्रकल्पात जमीन गेली, त्या पैशात इथे खांदा कॉलनीत फ्लॅट घेतला, भोंगे विकले. आणि आता यांना शांतता हवी! चोराच्या उलट्या बोंबा.

परवा रविवारी सकाळी पाच ठोसे पडले. आमचा मिक्सर तर दुरुस्तीला गेलेला. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आज सोक्षमोक्ष लावायचाच. तरातरा खाली गेलो.

दार उघडंच होतं. दादा बांबू घेऊन उभे.

“ऐका! काय खरखर लावलीय तुमी!”

“दादा, मिक्सर घरातच नाही. आणि तुमचा प्लेअरसुद्धा बंद आहे.”

त्यांनी प्लेअरकडे पाहिलं. बोर्डातून पिन काढलेली होती. ते मटकन खुर्चीत बसले.

“डॉक्टर बोलला, आवाज भायेर नाय, कानात हाय. कान चालले बोलतो. मी बोललो, तुला घंटा कळतंय!”

मग तेच उठले, पिन लावली आणि बाळाला पाळण्यात ठेवावं तशी सुई तबकडीवर ठेवली.

“आता खरं सांगा, मास्तर. येते ना खरखर?”

गाणं नितळ वाजत होतं. नाही म्हटलं असतं तर डॉक्टर खरा ठरला असता. मला संताप आला, त्या भोंग्यांचा, त्या डॉक्टरचा, माझ्या धडधाकट कानांचासुद्धा.

“येते!” मी ओरडलो. “चांगलीच येते!”

दादांचा चेहरा फुलला. “बोललो ना! सुईच भिकार हाय!”

मग आम्ही दोघांनी मिळून त्या सुईला मनसोक्त शिव्या घातल्या.