टिकली लावलेले मासे

आसावरीच्या टिकल्यांचं पाकीट बाथरूमच्या आरशामागे नव्हतं. ते गराजमध्ये होतं, आणि शशिकांत त्यातली एकेक काळी टिकली सोलून बोटभर लांबीच्या लाकडी तुकड्यांना डोळे म्हणून चिकटवत होता.

"शशी, मी त्या पुण्याहून आणल्या होत्या," आसावरी दारातून म्हणाली.

"थोड्याच घेतोय. डोळे दिसले की मासा ॲटॅक करतो, असं व्हिडिओत सांगितलंय."

"आणि माझं पोपटी नेलपॉलिश?"

"ते संपलं."

एरवी आसावरीने यावर बरंच काही सुनावलं असतं. पण कोपऱ्यातल्या घडीच्या खुर्चीत तिचे वडील बसले होते आणि जावयाच्या हाताकडे बघत होते. मे महिन्यात वेंगुर्ल्याहून परदेशी लेकीकडे ट्रॉयला आल्यापासून पुरुषोत्तम राऊळ टक लावून काही बघताहेत, असं तिला पहिल्यांदाच दिसत होतं. ती आत गेली आणि कुंकवाची बाटली शोधू लागली.

आसावरीची आई गेल्या वर्षी गेली. त्यानंतर बाबा वेंगुर्ल्याच्या घरात एकटे राहत होते. इथे आले तरी पुढ्यात येईल ते मुकाट्याने जेवायचे, दुपारभर खिडकीशी बसून समोरचं रिकामं लॉन बघायचे. त्यांचं परतीचं तिकीट ऑक्टोबरचं होतं. हिवाळाभर तरी त्यांनी राहावं, म्हणून आसावरीने सगळे उपाय करून पाहिले होते. शेवटी एका रात्री तिने नवऱ्याला सांगितलं, "बाबांचा जन्म समुद्राकाठी गेलाय. त्यांना पाणी दिसत नाही, मासे दिसत नाहीत. तू त्यांना फिशिंगला ने."

शशिकांत नागपूरचा. घरात अंडंसुद्धा येत नसे. लग्नानंतर तो डोळे मिटून सुरमई खायला शिकला होता, पण जिवंत माशाला त्याने कधी हात लावला नव्हता. मात्र सासऱ्यांची ती खिडकी त्यालाही बघवत नव्हती.

ऑफिसातल्या कुमारने स्वतःची ॲल्युमिनियमची छोटी बोट दिली आणि जागाही सुचवली. उत्तरेला, गाडीने तीनएक तासांवर धरणाचं एक तळं होतं. धरण बांधताना खोऱ्यातलं जंगल कुणी तोडलंच नव्हतं. झाडं उभीच्या उभी पाण्यात गेली. आता काहींचे वाळके शेंडे वर दिसायचे, बाकी सगळं पाण्याखाली.

"वॉलाय मासा त्या झाडांतच बसतो," कुमार म्हणाला. "काचेसारखे डोळे असतात त्याचे. खायला एकदम टॉप. पण तिथे लूअर अडकतात यार. रडशील."

शशिकांत खरोखरच रडायच्या बेतात आला. पहिल्या दोन फेऱ्यांत दुकानातून आणलेले सगळे लूअर, म्हणजे गळ लावलेले ते खोटे मासे, एकामागून एक फांद्यांना अडकून तुटले. दोर पाण्यात टाकायचा, ओढायचा, तो ताठ व्हायचा आणि फट्कन सुटून नुसताच परत यायचा. सासरे शेजारी बसून शांतपणे म्हणायचे, "गेला वाटतं."

तिसऱ्या फेरीआधी शशिकांतमधला इंजिनिअर जागा झाला. अडकतो तो गळाचा काटा. म्हणजे काटा वर वळवायचा आणि त्याच्यापुढे कडक तारेच्या दोन मिशा लावायच्या, की फांदी आधी मिशांवर घासेल आणि काटा वाचेल. अंग लाकडाचं ठेवलं की ते तळाशी बसणार नाही. त्याने जुनं लाटणं कापलं, कानशीने घासलं, तार वाकवली, नेलपॉलिश लावलं, टिकल्या लावल्या.

चाचणी बाथटबमध्ये झाली. कपडे वाळत घालायचा स्टँड पाण्यात आडवा करून त्याचं जंगल केलं होतं. सासरे कमोडच्या झाकणावर बसून बघत होते. शशिकांतने लूअर स्टँडच्या दांड्यांमधून ओढला. अडकला नाही. परत ओढला. परत अडकला नाही.

"छान," सासरे म्हणाले.

चार महिन्यांत त्यांच्या तोंडून कौतुकाचा शब्द पहिल्यांदाच निघाला होता. शशिकांतने टॉवेलने डोळे पुसले. पाणी उडालं असावं.

शनिवारी ते तळ्यावर पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. शशिकांतने वाळक्या शेंड्यांच्या मधोमध लूअर टाकला. तो पाण्याखालच्या फांद्यांतून खरखरत आला आणि सहीसलामत बोटीत परतला. शशिकांतने सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी मान डोलावली.

थोड्या वेळाने दोराला हिसका बसला. शशिकांतने जोरात ओढलं. हिसका थांबला. पुन्हा टाकला, पुन्हा हिसका, पुन्हा काही नाही. मासे लूअर तोंडात धरत होते, चघळत होते आणि थुंकून टाकत होते.

"बहुतेक काटा टोचतच नाही त्यांना," सासरे म्हणाले.

शशिकांतने लूअर हातात घेऊन पाहिला. पोपटी रंगावर दातांचे ओरखडे होते, एक डोळा गेला होता. तारेच्या मिशा जशाच्या तशा ताठ होत्या. फांदीला जो काटा सापडत नव्हता, तो माशालाही सापडत नव्हता. त्याने मासा पकडताच येणार नाही, असा लूअर बनवला होता.

त्याने पक्कड काढून मिशा सैल केल्या. पुढच्याच फेकीला लूअर ओंडक्यात रुतला. त्याने ओढलं, डावीकडून, उजवीकडून. मग उभं राहून सगळा जोर लावला. लूअर एकदम सुटला, पाण्यातून उसळून आला आणि त्याच्याच लाइफ जॅकेटच्या पाठीला जाऊन बसला, नेमका हात पोचणार नाही तिथे.

"हलू नका," सासरे म्हणाले, आणि पक्कड घेऊन त्यांनी जॅकेटच्या चिंधीसकट तो काढून दिला.

पुढचा लूअरही अडकला. हा मात्र तोडायचा नाही, बोट तिथवर नेऊन हाताने सोडवायचा, असं शशिकांतने ठरवलं. त्याने मोटर सुरू केली. पाण्याखाली वीतभर खोल एक जाडजूड खुंट होता. तो त्याला दिसला नाही. बोटीच्या तळाशी घर्र असा आवाज झाला, नाक जरासं वर उचललं गेलं आणि बोट थांबली.

मोटर मागे फिरवून पाहिली. ती पाणी घुसळत राहिली. वल्ह्याने ढकलून पाहिलं. वल्हं चिखलात रुतलं आणि तिथेच राहिलं. फोनला रेंज नव्हती. मग वारा सुटला आणि बोट त्या खुंटावर हळूहळू गोल फिरू लागली, जात्याच्या दगडासारखी. पुढे जाईना, मागे जाईना. आधी धरणाची भिंत समोर आली, मग वाळकी झाडं, मग दूरवरचा किनारा, जिथे त्यांची गाडी उभी होती, मग पुन्हा भिंत.

किनारा तिसऱ्यांदा समोरून गेला तेव्हा शशिकांत आसनावर मटकन बसला.

"बाबा, माझ्याने नाही होत," तो म्हणाला. "मला हे काही येत नाही. मला आवडतही नाही. मासा सापडला असता तर त्याला हात कसा लावायचा, या काळजीने मी काल झोपलो नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून करत होतो."

बोटीने अर्धा फेरा घेतला.

"मला?" सासरे म्हणाले.

"तुम्हाला फिशिंगची आवड आहे ना?"

"मी पोस्टात होतो, शशिकांतराव. आमच्याकडे मासे बाजारात मिळायचे. होडीत बसलं की मला मळमळतं. येताना दर वेळी गोळी घेतो."

"मग तुम्ही येत का होता?"

"आसू म्हणाली, तुमचं डिपार्टमेंट बंद झालं. पेट्रोल इंजिनाचं काम गेलं, नव्या टीममध्ये तुम्हाला कुणी काही विचारत नाही. घरी येऊन भिंतीकडे बघत बसता. म्हणाली, त्याला काहीतरी छंद लागू दे, तुम्ही फक्त सोबत जा." सासऱ्यांनी बोटीची कड धरली. "लाटणं कापत होतात तेव्हा तुमचा चेहरा जरा बरा दिसायचा. म्हणून म्हटलं, असू दे."

डिपार्टमेंटबद्दल शशिकांतशी घरात कुणी बोललं नव्हतं, आणि आपण भिंतीकडे बघत बसतो हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. धरणाची भिंत पुन्हा समोरून गेली.

"तुम्ही खिडकीशी बसता," तो म्हणाला.

"हो. ही असती तर म्हणाली असती, उठा, जरा फिरून या. आता कोण म्हणतंय."

दोघांनी डब्यातलं थालीपीठ वाटून खाल्लं. सासऱ्यांना मळमळत असल्याने त्यांनी अर्धंच घेतलं.

दुपार कलायला लागली तेव्हा डार्लीन नावाच्या एक आजीबाई आपली मोठी सपाट बोट घेऊन आल्या. त्यांनी दोर टाकून यांना खुंटावरून ओढून काढलं, पाण्यातलं वल्हं उपटून दिलं आणि टिकली लावलेला लूअर उन्हात धरून बराच वेळ निरखला. मग काही न विचारता स्वतःच्या बर्फाच्या पेटीतून दोन वॉलाय काढून पिशवीत घालून दिले. पिशवी सासऱ्यांनीच घेतली.

परतीच्या वाटेवर दोघांचं एकमत झालं, की आता पुरे. आज जेवताना आसावरीला खरं ते सांगून टाकायचं.

"तुम्ही सांगा," शशिकांत म्हणाला. "मुलगी तुमची आहे."

"बायको तुमची आहे."

शेवटी दोघांनी मिळून सांगायचं ठरलं.

आसावरीने पिशवी हातात घेऊन मासे पाहिले. मग बाबांचं उन्हाने लाल झालेलं नाक पाहिलं, शशीचं फाटलेलं जॅकेट पाहिलं, आणि डोळे पुसत ओट्याकडे वळली. तिने तिरफळं घालून कालवण केलं. दिवसभर अर्ध्या थालीपिठावर राहिलेले बाबा तीनदा भात घेऊन जेवले. शशिकांतनेही दोन तुकड्या खाल्ल्या, तेही डोळे उघडे ठेवून.

"आसू," बाबांनी सुरुवात केली.

"थांबा बाबा, आधी माझं ऐका." तिने भाताचा डाव खाली ठेवला. "आई गेल्यापासून तुम्हाला असं जेवताना मी बघितलं नाही. आणि हा शशी, किती महिन्यांनी घरात शिरताना बोलत होता. म्हणून मी मघाशीच कुमारला फोन केला. थंडीत ते तळं गोठतं ना, तेव्हा बर्फाला भोक पाडून फिशिंग करतात. त्यांचा एक ग्रुप आहे, दर शनिवारी. मी शशीचं नाव दिलंय. तुमचं तिकीट ऑक्टोबरचं आहे, तुम्हाला मी आग्रह नाही करणार. पण तो तर जाईलच. त्याला त्याची गरज आहे."

शशिकांतने घास तसाच धरून ठेवला. "किती थंडी असते?"

"उणे पंधरा वगैरे. पण तंबू असतो. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं."

शशिकांतने सासऱ्यांकडे पाहिलं. आता बोलायची पाळी त्यांची होती, पण ते ताटातला काटा काढण्यात गुंतले होते. तो त्यांनी नीट कडेला ठेवला, पाण्याचा घोट घेतला आणि मुलीकडे बघितलं. ती ओठ घट्ट मिटून बसली होती.

"माझं तिकीट पुढे ढकल गो," ते म्हणाले.

"खरंच बाबा?"

"मार्चपर्यंत तरी. ह्यांना एकट्याला बर्फावर कसं सोडायचं?"

आसावरी उठून घाईघाईने स्वयंपाकघरात गेली. आतून नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला.

"बाबा," शशिकांत हळूच म्हणाला, "आपण खरं सांगणार होतो."

"मग सांगा ना. मी कुठे अडवलंय?" सासरे म्हणाले, आणि त्यांनी कालवणाचं पातेलं जावयाकडे सरकवलं.