चाळीस प्रती, तातडीने

शेड पाडण्याची नोटीस खिळेकाकांनी स्वतःच छापली, आणि फार सुंदर छापली. ठसठशीत मथळा, चारी बाजूंनी दुहेरी रेघ, समास अगदी एकसारखा. सोसायटीच्या चाळीस घरांसाठी चाळीस प्रती. सकाळी चिटणीस गठ्ठा घेऊन गेले आणि संध्याकाळी त्यातलीच एक प्रत बारा नंबरच्या दारात येऊन पडली. बारा नंबर म्हणजे खिळेकाकांचंच घर.

काकूंनी चष्मा लावून ती वाचली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अहो, हे काय?"

"छान उठलीय ना? शाई जरा पातळ केली होती."

"शाई गेली खड्ड्यात! मागची शेड पंधरा दिवसांत पाडायला सांगितलीय आपल्याला!"

"कुणी?"

"सोसायटीने! आणि छापलीय तुम्ही! 'घर क्रमांक बारामागील पत्र्याची शेड' असं ढळढळीत लिहिलंय. हे जुळवताना डोळे कुठे होते?"

"अक्षरांवर," काका प्रामाणिकपणे म्हणाले. "आणि अध्यक्षांनी लिहून दिलेला कागद होता. माणसाचं अक्षर काय सुरेख आहे! मी तोंडावर सांगितलंय त्यांना, तीनदा."

इथे काकांची बाजूही समजून घ्यायला हवी. चाळीस वर्षं शिशाचे खिळे जुळवून माणूस छपाई करतो तेव्हा त्याला काना, मात्रा, वेलांटी दिसते. मजकूर दिसत नाही. त्यात खिळ्यांवरची अक्षरं उलटी. सख्ख्या मेव्हणीची लग्नपत्रिका त्यांनीच छापली होती, आणि लग्नाच्या दिवशी सकाळी काकू नटताना बघून त्यांनी विचारलं होतं, "कुठे निघालीस?"

जिथे ते काम करत होते तो मोठा छापखाना बंद पडला, तेव्हा तिथलं पायाने चालवायचं एक जुनं यंत्र काकांनी घरी आणलं. त्याच्यासाठी घरामागे शेड उभी राहिली. शेड गेली तर यंत्र एक तर भंगारात जाणार, नाही तर दिवाणखान्यात येणार. भंगाराचं नुसतं नाव काढलं तरी काका जेवेनात. काकूंनी दिवाणखाना टेपने मोजला आणि स्वच्छ सांगितलं, "यंत्र आत आलं तर सोफा बाहेर जाईल. आणि सोफ्याबरोबर मी."

दुसऱ्याच दिवशी काका अध्यक्षांकडे गेले. अध्यक्षांचं घर तेरा नंबरचं, शेडला अगदी खेटून. सगळी नोकरी जमिनी मोजण्यात गेल्यामुळे ते अजूनही खिशात टेप ठेवत.

"नियम एकोणीस," अध्यक्ष म्हणाले. "हे नियम लागू झाल्यावर मागच्या अंगणात काहीही बांधायचं नाही. आधीचं असेल तर राहील. लेखी पुरावा आणा."

"अहो, आधीचीच आहे! देवाशपथ!"

"मग देवाची सही आणा. तोपर्यंत शेडला कुलूप."

आणि खरोखरच कुलूप लागलं. यंत्राची खटखट थांबली आणि घरात इतकी शांतता पसरली की काकूंना घड्याळाचा राग यायला लागला.

पुराव्याचा शोध सुरू झाला. पत्र्यांचं बिल काकूंनी कधीच रद्दीत घातलं होतं. अल्बममध्ये शेडसमोर काढलेला एकच फोटो निघाला, पण त्यात मधोमध काकूंचे थोरले भाऊ उभे होते आणि त्यांच्या देहापुढे शेडचा काय पाड लागणार? दोन्ही खांद्यांवर बोटभर पत्रा तेवढा दिसत होता. मागे काकूंच्या हाताने तारखेच्या जागी लिहिलं होतं, "उन्हाळा".

"कुठल्या सालचा?" अध्यक्षांनी विचारलं.

"फार कडक होता," काकू म्हणाल्या.

मग काकांना एकदम आठवण झाली: शेड बांधणारा पत्रेवाला! म्हातारा बाजाराच्या टोकाला अजून दुकान चालवत होता. काकांनी त्याला रिक्षात घालून आणला. तो आपलं काम बघून हरखून गेला. पत्र्यावरून हात फिरवत अध्यक्षांना म्हणाला, "बघा, आहे का कुठे गंज? नवीकोरी! दोन वर्षंसुद्धा झाली नसतील असं वाटतं की नाही?"

"दोन वर्षं," असं म्हणत अध्यक्षांनी वहीत लिहून घेतलं.

"अरे बाबा, खरं किती झाली ते सांग!" काका कळवळून म्हणाले.

"माझ्या कामाचं वय कळत नाही, साहेब," म्हातारा अभिमानाने म्हणाला.

अध्यक्षांनी शेड पाडण्यावर शिक्कामोर्तब करायला सर्वसाधारण सभा बोलावली. नियम सातप्रमाणे सभेची सूचना छापीलच हवी, आणि छापणाऱ्याच्या दाराला त्यांचंच कुलूप. तेव्हा ते बाजारातल्या दुसऱ्या छापखान्यात गेले. त्या पठ्ठ्याने कागद कापताना शेवटची ओळ कापून टाकली. तारीख आणि वेळ त्याच ओळीत होती. सभेला काही लोक शनिवारी आले, काही रविवारी, आणि तीन नंबरच्या आजी तर रोज संध्याकाळी सभागृहात डोकावून यायला लागल्या.

ती सूचना हातात पडताच काकांचं पित्त खवळलं.

"हे बघ! ओळ तिरकी, शाई फुटलेली, आणि शेपूटच कापलंय! असल्या माणसाच्या हातात सुरी देतं कोण?"

"अहो, यात आपली शेड पाडायचं लिहिलंय!"

"असू दे! पण ही काय पद्धत झाली?"

अखेर अध्यक्ष स्वतः बारा नंबरच्या दारात आले. सूचना पुन्हा छापायला बाजारातला छापखानेवाला आठ दिवस थांबा म्हणत होता आणि नोटिशीची मुदत तर संपत आली होती.

"एवढी एक सूचना छापून द्या," ते जरा चाचरत म्हणाले. "नियम एकोणीस त्यात पूर्ण द्यायचाय. मी तासाभरासाठी कुलूप उघडतो."

शेड पाडण्याची सभा भरावी म्हणून शेड उघडली गेली. दुसरा कोणी असता तर त्याने अध्यक्षांना दारातूनच परत पाठवलं असतं. पण काका खिळ्यांच्या पेट्यांपुढे उभे राहिले, नाकात शाईचा वास भरून घेतला, आणि त्यांचे डोळे पाणावले. नियमांची पुस्तिका समोर ठेवून त्यांची बोटं भराभर चालायला लागली.

काकू चहा घेऊन आल्या. काकांचं पुस्तिकेतलं काम झालं होतं, म्हणून त्यांनी ती सहज उचलून चाळली. शेवटच्या पानावर त्या थबकल्या. चष्मा पुसून त्यांनी ते पान पुन्हा वाचलं. मग पुस्तिका हळूच आपल्या पिशवीत टाकली.

"छापा, छापा," त्या म्हणाल्या. "तारीख चांगली मोठी छापा. सगळे यायला हवेत."

सगळे आले. खुर्च्या कमी पडल्या. पत्रेवाला पहिल्या रांगेत बसला होता, कारण त्याला वाटत होतं, सभा त्याच्या कामाच्या कौतुकासाठी आहे. अध्यक्षांनी नियम एकोणीस वाचला आणि विचारलं, "कोणाला काही बोलायचंय?"

काकू उठल्या. आवाज खणखणीत लागला.

"अध्यक्षसाहेब, हे नियम लागू कधी झाले?"

"पुस्तिका घरोघर वाटली त्या दिवशी."

"वाटायच्या आधी छापावी लागली असेल ना?"

"अर्थात!"

"कुठे छापली?"

"मला काय ठाऊक? मी तेव्हा इथे राहतही नव्हतो."

काकूंनी पुस्तिका पुढे केली. "शेवटचं पान. मोठ्याने वाचा."

अध्यक्षांनी वाचायला सुरुवात केली आणि त्यांचा आवाज हळूहळू खाली खाली गेला. "मुद्रणस्थळ... पत्र्याची शेड... घर क्रमांक बाराच्या मागे."

मग मागून कोणीतरी ओरडलं, "अहो, शेड नसती तर नियमच नसते!" आणि सभागृहात हास्याचा आणि टाळ्यांचा असा काही गदारोळ उडाला की पत्रेवाला उठून सगळ्यांना नमस्कार करायला लागला.

"ही ओळ मी छापली होती?" काका काकूंच्या कानाशी लागले.

"नाही तर काय मी?"

अध्यक्ष नियमांचे पक्के. त्यांनी घाम पुसला आणि म्हणाले, "नियम म्हणजे नियम. शेड आधीची. हरकत मागे." त्यांनी किल्ली पुढे करताच काकांनी ती घेतली आणि सभा अर्धवट सोडून शेडकडे धूम ठोकली. काकांच्या मागे सभेचं काम आणखी तासभर चाललं.

सकाळी चिटणीस सभेचे ठराव घेऊन आले. "चाळीस प्रती, तातडीने." काकांनी दुपारपर्यंत छापून दिल्या. संध्याकाळी काकू एक प्रत घेऊन शेडमध्ये आल्या.

"वाचलंत?"

"अक्षर न् अक्षर. एक चूक काढून दाखव."

"ठराव दुसरा वाचा. मजकूर वाचा."

काकांनी ओळीवर बोट ठेवलं. "घरामागच्या बांधकामांच्या सर्व तक्रारी वाचून निकाल देण्यासाठी घर क्रमांक बाराच्या मालकांची एकमताने नेमणूक... सूचक, त्यांच्या पत्नी." त्यांनी वर बघितलं. "तू?"

"मीच. आता तरी वाचायला लागाल."

तेवढ्यात पत्र्यावर टकटक झाली. दारात अध्यक्ष उभे होते, हातात कागद घेऊन.

"पहिली तक्रार," ते म्हणाले.

काकांनी कागद घेतला. काकू बघत होत्या, म्हणून या वेळी खरोखर वाचला. "शेडमधल्या यंत्राच्या आवाजाने माझी दुपारची झोप मोडते. दोन ते चार यंत्र बंद ठेवावं, ही विनंती." काकांनी कागदावरून डोळे वर केले.

"एवढंच? मग आधी सांगायचं की हो! मी कधीच बंद ठेवलं असतं!"

"सांगितलं होतं. नोटिशीच्या आधी तीन पत्रं लिहिली, तिन्ही तुमच्या हातात दिली. तुम्ही प्रत्येक वेळी बघायचात आणि म्हणायचात, 'वा! अक्षर सुरेख आहे.'"

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. काकांनी मान खाली घातली, खडू उचलला आणि दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: दोन ते चार बंद. मग कागदाची नीट घडी करून ती खिशात ठेवली.

अध्यक्ष दोन पावलं गेले आणि मागे वळले. "आणि अक्षर?"

"सुरेखच आहे हो," काका म्हणाले.