पीआरच्या अर्जाची पत्रिका

देवेशचा कॅनडाच्या पीआरचा, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवानगीचा, अर्ज मंगळवारी दुपारी तीन चाळीसला वारला. छे छे, तसं काही झालंच नाही! झालं एवढंच, की अर्ज सबमिट करायला त्याच्या बायकोला, अनुयाला, मुहूर्त हवा होता.

मुदत त्याच दिवशी पाचची. मुहूर्त सांगणार तिच्या कैलासवासी आजोबांनी, दादासाहेबांनी, विंडोजसाठी लिहिलेला पंचांगाचा प्रोग्रॅम. देवेशच्या लॅपटॉपवर मात्र लिनक्स.

"चालेल त्यावर?"

"अगं, लिनक्सवर मी काहीही चालवून दाखवतो! मधे एक दुभाषा बसवायचा. विंडोजवाल्याला वाटतं, आपण आपल्याच घरी आहोत."

चाललाही. स्क्रीनवर आलं : 'आलात? बसा.'

"आजोबा अस्सेच म्हणायचे," अनुया हळूच म्हणाली.

गावांच्या यादीत ते राहत होते ते विनिपेग नव्हतं. देवेशने वर्धा निवडलं. पण दुभाष्याने पाहुण्याला बैठकीत न बसवता अख्खं घर, म्हणजे लॅपटॉपवरच्या सगळ्या फाइली, उघडून दिलं होतं. प्रत्येक फाइलला तयार झाल्याची वेळ असते. पंचांगाने ती जन्मवेळ धरली आणि प्रिंटर धडाधड पत्रिका ओकू लागला!

विंटर टायरची पावती : कन्या रास, हट्टी. देवेशचा रेझ्युमे : बढाईखोर, मृत्यू आज ३:१०.

तीन दहाला त्याने रेझ्युमे उघडला. कोरा. पांढराफटक, बाहेरच्या बर्फासारखा.

पुढचा कागद : पीआरचा अर्ज, ३:४०.

"कॉपी काढ ना!"

काढली. लगेच तिचीही पत्रिका आली : 'धाकटं भावंड. थोरल्यासोबतच जाईल.'

देवेश प्रोग्रॅम बंद करायला गेला. चालू प्रोग्रॅमच्या यादीत तो नव्हताच. प्रिंटरची वायर उपटली. त्यानंतरही दोन पत्रिका आल्या, सावकाश.

तीन अडतीस. "आत्ताच सबमिट करतो!"

अनुयाने त्याचा हात धरला. "राहुकाळ आहे! साडेचारपर्यंत थांब."

"साडेचारला काय, त्याचा दहावा घालू?"

"अभद्र बोलू नकोस, मेला जिवंत आहे अजून!"

झटापटीत तीन चाळीस झाले. अर्ज कोरा.

चार पंचावन्नला नवा अर्ज गेला. त्यात 'अधिक माहिती' हा एकच रकाना भरलेला होता :

'महोदय, मूळ अर्ज अल्पायुषी निघाल्याने जोडता आला नाही. तरी सुतक फिटेपर्यंत दहा दिवसांची मुदतवाढ मंजूर करावी व पुढील अर्जाशी गुण जुळवून पाहण्यासाठी आपल्या सर्व्हरची अचूक जन्मवेळ उलट टपाली कळवावी, ही नम्र विनंती.'