रात्रदिव्याची तपासणी, सकाळी अकरा वाजता

“माझ्या नावावर दिवा लावलाय आणि मला विचारलंसुद्धा नाही,” सासूबाई पांघरुणातूनच पुटपुटल्या. “मी डोळे मिटले की मला अंधारच असतो. उशाशी सूर्य आणून ठेवलात तरी काय फरक पडतो?”

“आई, रात्री उठताना तुम्हाला ठेच लागू नये म्हणून,” सूनबाई म्हणाली.

“मी रात्री उठतच नाही.”

यावर सूनबाई दूध उतू जातंय असं म्हणून आत पळाली. गॅसवर दूध नव्हतं.

सूनबाई बेचाळीस वर्षांची, शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस. हाडांचा सांगाडा काखोटीला मारून दोन मजले चढणारी. पण नवऱ्याची परगावी बदली झाल्यापासून दिवा मालवला की ती टक्क जागी राहायची. कपाटाकडे पाठ करवत नसे, आणि तोंडही करवत नसे. हे सांगणार कुणाला, आणि कुठल्या तोंडाने? म्हणून तिने घरीच दिवा केला. मोबाइलचा जुना चार्जर, एक पांढरा एलईडी, त्याला झेपेल एवढीच वीज जावी म्हणून एक रेझिस्टर, आणि उजेड पडला की दिवा आपोआप बंद करणारा डाळीएवढा सेन्सर. वर टोपी म्हणून खोकल्याच्या औषधाचं माप. पहिला दिवा जळाला. दुसऱ्यात एलईडीचे पाय उलटे बसले, तो मुकाट राहिला. तिसरा लागला. तो तिने सासूबाईंच्या खोलीत ठेवला, सोबतीच्या नावाखाली आपली गादीही तिथेच टाकली, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा ढाराढूर झोपली.

बातमी जिन्याने वर गेली. दुसऱ्याच दिवशी निवृत्त फौजदारकाका दारात उभे.

“एक करून द्या. मला नको हो, मला कसली भीती! मांजरासाठी.”

“काका, मांजराला अंधारात दिसतं.”

“आमच्या नाही दिसत.”

वकिलीणबाईंना दिवा कुंड्यांसाठी हवा होता. सोसायटीच्या अध्यक्षांनी दोन नेले, पाहुण्यांसाठी. त्यांच्या घरी नऊ वर्षांत पाहुणा फिरकला नव्हता. बघता बघता इमारतीत एकोणीस दिवे लागले आणि घाबरणारा माणूस एकही नव्हता.

अल्पप्रकाश नियंत्रण कार्यालयाला नेमकं हेच खटकलं. नोटीस आली: ‘घरगुती रात्रदीप बाळगण्यासाठी घरात किमान एक भयग्रस्त व्यक्ती वास्तव्यास असणे आवश्यक आहे. सदर व्यक्तीने साक्षीदारांसमक्ष स्वमुखाने तसे निवेदन करावे. अन्यथा दिवा जप्त करून अंधार पूर्ववत करण्यात येईल.’

सूनबाईने नोटिशीसोबत आलेला निवेदनाचा अर्ज सासूबाईंपुढे धरला.

“सही करा ना आई. नुसती सही.”

“अठ्ठ्याहत्तर वर्षांत कुणाच्या बापाला भ्यायले नाही, आता कागदावर भिऊ? चल हो बाजूला.”

तपासणी अधिकारी ठरल्याप्रमाणे सकाळी अकराला आले. कार्यालयाची वेळच ती. सोबत साक्षीदार म्हणून अध्यक्ष आणि फौजदारकाका. सासूबाई आपल्या पलंगावरच बसून होत्या.

“दिवा बंद आहे,” अधिकारी म्हणाले.

“उजेड आहे ना साहेब. अंधार झाला की लागतो.”

“कार्यालयीन वेळेत अंधार नसतो, बाई.”

मग पडदे ओढले. दिवा लुकलुकत लागला. अधिकाऱ्यांनी तो नीट पाहण्यासाठी बॅटरी रोखली. दिवा विझला. बॅटरी बाजूला केली, दिवा लागला. पुन्हा रोखली, पुन्हा विझला.

“हा माझी चेष्टा करतोय का?”

“नाही हो, त्याला तुमचा उजेड दिसतो.”

“जे डोळ्यांसमोर असेल तेच लिहायचं, असा नियम आहे.” पण दिवा लागलेला असताना त्यांना कागद दिसेना, आणि कागद दिसावा म्हणून पडदा सारला की दिवा लागलेला दिसेना. चार वेळा पडदा सारून शेवटी त्यांनी लिहिलं: ‘शासकीय बॅटरी दिसताच दिवा तोंड लपवतो. सबब संशयास्पद.’

“आता तुलनेसाठी दिव्याविना अंधार मोजावा लागेल. पाच मिनिटं.”

खिडकीला दुलई ठोकली. दार लावलं. दिवा काढून पिशवीत सीलबंद केला. नियमानुसार बॅटरीही बंद. खोली डांबरासारखी काळी झाली.

एक मिनिट सगळे उगाच खाकरले. दुसऱ्या मिनिटाला खाकरणंही थांबलं.

“साहेब,” अध्यक्ष घोगऱ्या आवाजात म्हणाले, “झाली का पाच मिनिटं?”

“घड्याळ दिसत नाहीये.”

“मग दुलई काढा की!”

“तुम्ही खिडकीजवळ आहात.”

“मी? मी तर पलंगाजवळ आलोय.”

पलंग करकरला. “अरे देवा!” सासूबाई ओरडल्या. “माझ्या एका दंडाला दोघं लोंबकळतायत, दुसऱ्याला एक! हा केसाळ हात कुणाचा? फौजदार, तुमचा का? पाय तुडवलात माझा! म्हाताऱ्या बाईच्या आडून चाललंय काय? कोण घाबरलंय ते एकदा सांगून टाका आणि सोडा मला!”

मांजराचं नाव घ्यावं तर मांजर इथे नव्हतं. सूनबाई भिंतीला चिकटून उभी होती. दिवा पिशवीत होता, पिशवी सरकारजमा होती, आणि आज न बोलली तर उद्यापासून प्रत्येक रात्र अशीच असणार होती.

“मी घाबरते,” ती म्हणाली. “आई नाही. मी. रोज.”

कुणीही हसलं नाही. सासूबाईंच्या उजव्या दंडाजवळून अधिकाऱ्यांचा बारीक आवाज आला.

“बाई, आधी दिवा लावा. मग त्या रकान्यात दोन नावं लिहू.”

“चार,” अध्यक्ष आणि फौजदारकाका एकदम म्हणाले.

रकान्यात अजून बरीच जागा आहे. तुमच्या घरात रात्रभर जळणारा तो दिवा कुणासाठी असतो म्हणालात?