भिंतीवरची मोकळी जागा

"बाई, हू टाकू, व्हिच टाकू का दॅट टाकू, एकदाचं बोला. ब्रशवर रंग सुकून चालला," शिडीवरून रमीज पेंटर कुरकुरला.

मुख्याध्यापिका प्रमिलाबाई खाली शिडी धरून उभ्या होत्या. 'देशाचे नेते घडवणारी ही शाळा' हे वाक्य भिंतीवर इंग्रजीत रंगवायचं होतं आणि मधल्या एका शब्दाशी अडलं होतं. महिन्यावर तपासणी. इंग्रजीत कच्ची ठरली की शाळा बंद. मग एकोणीस पोरांनी शेजारच्या गावी रोज सहा किलोमीटर तुडवायचे.

प्रेमराज सर म्हणाले, "मॅडम, तिन्ही बरोबर वाटतात. फक्त सही तुमची राहील."

सही म्हटल्यावर बाईंनी रीतसर पत्र लिहिलं: 'तिन्हींपैकी कोणता शब्द वापरावा, याबाबत मार्गदर्शन व्हावे.' केंद्रप्रमुखांनी ते 'योग्य कार्यवाहीस्तव' तालुक्याला धाडलं. तालुक्याने 'विषय धोरणात्मक असल्याने' धुळ्याला. धुळ्याने तीन शब्दांसाठी तीन उपसमित्या नेमल्या. हू समितीने व्हिच समितीकडे खुलासा मागितला. दॅट समितीची बैठक सदस्यांअभावी तहकूब झाली. शेवटी आदेश आला: निर्णय होईतो जागा मोकळी ठेवावी, मात्र ती उठावदार असावी.

रमीजने ती पिवळीधमक रंगवली.

तपासणीला ललित साहेब आले. याच शाळेत शिकलेले. भिंत पाहून हरखलेच. "वा! मोकळी जागा म्हणजे मुलांच्या विचाराला वाव! हा पॅटर्न जिल्हाभर राबवू!"

जमलेल्या पालकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तेवढ्यात चौथीतल्या हेमांगीचे आजोबा, निंबा आबा उठले आणि पिवळ्या जागेकडे बोट दाखवून म्हणाले, "साहेब, ते बठ्ठं ठीक शे. पन तठे कोनता शब्द येस, तेवढं सांगी टाका."

साहेबांनी केंद्रप्रमुखांकडे पाहिलं, केंद्रप्रमुखांनी प्रेमराज सरांकडे, सरांनी घड्याळाकडे. मग सगळ्यांनी मिळून प्रमिलाबाईंकडे.

बाईंनी पदर खोचला.

"मला नाही माहीत. बावीस वर्षं झाली, हू-व्हिचचा धडा आला की मी म्हणते, हे पेपरात येत नाही, पुढचं पान उघडा."

साहेबांना हायसं वाटलं. त्यांनी पेन काढलं. "मग मॅडम, नाइलाज आहे. शाळा बंद करावी लागेल."

"करा की, ललित साहेब. फक्त कारणात लिहा, तुम्हाला इंग्रजी मीच शिकवलं. आणि या टाळ्या वाजवणाऱ्यांनाही."